लाकडांच्या राशीवर पूर्ण रेंज

२९ जानेवारी
आज लँडलाइन कापली. एकदाची.

खरं तर खरखरीची तक्रार करायला फोन केला होता. वारा सुटला की आमच्या लाइनीत कोणी भजी तळतंय असा आवाज येतो. कंपनीने आधी मला संगीत ऐकवलं. मग एक बाई आली, तिने नाव विचारलं, आणि परत संगीत. परत आली तेव्हा मी म्हटलं, बाई, तक्रार राहू दे, लाइनच कापून टाक. ती म्हणाली, कापायचा विभाग वेगळा आहे, थांबा, जोडून देते. पुन्हा तेच संगीत. मी रिसीव्हर आपटला. आर्विड स्लेटनला ताटकळत ठेवायचं काम नाही. सांगितलं म्हणजे सांगितलं.

मर्नाने भांडी विसळता विसळता विचारलं, मग सिग्नेचा फोन कशावर येणार? सिग्ने आमची एकुलती एक. डुलुथला असते, इथून गाडीने अडीच तास. मार्चच्या पहिल्या आठवड्यात बाळंत होणार. पहिलं नातवंड. मी म्हटलं, मोबाइल घेतो. नातवंडाची बातमी सगळ्यात आधी माझ्या खिशात वाजेल, हा माझा शब्द.

भिंतीवरचा पिवळा फोन उतरवायला स्क्रू ड्रायव्हर घेऊन निघालो तर म्हणाली, राहू दे, मागचा वॉलपेपर वेगळ्या रंगाचा निघेल. राहू दिला. फोनचं काय होतं याचं काही नाही, हिला भिंतीची काळजी.

२ फेब्रुवारी
डुलुथला जाऊन मोबाइल आणला.

शेजारचा टोइवो कालपासून मागे लागला होता, माझ्याच कंपनीचं घे, तिचा टॉवर आपल्या मागच्या टेकडीवर आहे. या टोइवोने गेल्या हिवाळ्यात माझं बर्फ उडवायचं यंत्र नेलं आणि वाकड्या पात्याचं परत आणलं. वर म्हणतो, आधीपासूनच वाकडं होतं. अशा माणसाच्या कंपनीचं सिम मी घ्यायचं?

दुकानात भिंतभर नकाशा होता. जांभळा रंग म्हणजे रेंज. आमचं टॅमरॅक पॉइंट भडक जांभळं. काउंटरवरची बाई सांगायला लागली, की सर, सरोवराच्या काठाला जरा... मी तिला तिथेच थांबवलं. उभी हयात मी काउंटीची बर्फ हटवायची गाडी चालवली. तो काठ मी साफ केलाय. नकाशा कसा वाचायचा ते मला दुकानात शिकायची वेळ आलेली नाही.

दोन वर्षांचा करार. सही ठोकली.

४ फेब्रुवारी
रेंज आहे. फक्त ती घरात नाही.

स्वयंपाकघर, शून्य. बाथरूम, शून्य. पडवी, एक दांडी आली आणि मला बघून गेली. शेवटी अंगणातल्या सरपणाच्या राशीवर चढलो, सरोवराकडे तोंड केलं आणि सगळ्या दांड्या उभ्या. नकाशा खोटं बोलत नाही. राससुद्धा आमच्याच हद्दीत आहे.

तिथूनच सिग्नेला फोन लावला. तिने विचारलं, बाबा, एवढा वारा कसला? मी म्हटलं, लाकडांवर उभा आहे. ती म्हणाली, बाबा, उतर. मी म्हटलं, आवाज किती स्वच्छ येतोय ते बघ ना.

संकल्प: रोज सकाळ-संध्याकाळ राशीवर उभं राहायचं. व्यायामही होईल.

७ फेब्रुवारी, सकाळी ८ (फोनप्रमाणे)
घरातली झाडून सगळी घड्याळं एक तास मागे पडलेली आहेत. इतकी वर्षं आम्ही चुकीच्या वेळेला जेवत होतो. फोन थेट उपग्रहाकडून वेळ घेतो, तिथे चूक नाही. स्वयंपाकघरातलं, झोपायच्या खोलीतलं, गाडीतलं, सगळी पुढे केली. मर्नाने स्वयंपाकघरातलं मागे केलं. मी पुढे केलं. तिने मागे केलं. शेवटी म्हणाली, भिंती तुझ्या, मनगट माझं, आणि स्वतःचं घड्याळ तसंच ठेवलं. ठेवू दे. एका घरात दोन वेळा नांदल्या तर आभाळ कोसळत नाही.

फोनवर मेसेज आला: कॅनडात आपलं हार्दिक स्वागत. तिकडच्या पर्यटन खात्याची जाहिरात. ‘नको’ असं उत्तर पाठवलं. संध्याकाळी परत स्वागत. लाज कशी ती नाही.

१० फेब्रुवारी
टोइवो कॉफीला आला. माझा फोन हातात घेऊन बघितला आणि इतका हसला की दालचिनीचा पाव ठसक्याने बाहेर आला.

“आर्विड, लेका, तू इथे अमेरिकेत आहेस. तुझा फोन कॅनडात नांदतोय.”

त्याचं म्हणणं असं. मागच्या टेकडीमुळे माझ्या कंपनीचा टॉवर अडतो. पलीकडच्या किनाऱ्यावर कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताचा टॉवर आहे, त्याची लहर पाण्यावरून सरळ येते आणि माझा फोन तिला जाऊन चिकटतो. ओंटारिओत घड्याळ एक तास पुढे. या किनाऱ्यावर हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, असंही म्हणाला.

मी शांतपणे विचारलं, सरोवराचा पलीकडचा काठ स्वच्छ दिवशीसुद्धा दिसत नाही, मग त्याची लहर बरी दिसते? तो पाव तेवढा संपवून गेला. दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही काही लोकांना.

तो गेल्यावर मर्ना सहज म्हणाली, सिग्नेची कंबर फार दुखतेय आणि पाळणा आलाय, पण एका बाजूचा दांडा कमी आहे. हे मला माहीत नव्हतं. आज दोनदा राशीवर जाऊन आलो, मेसेज नाही, काही नाही. आईला आतून कळतं म्हणतात ते हेच असावं. पण दांड्यासकट?

१५ फेब्रुवारी
थंडीत बॅटरी मरते. उपाय मी स्वतः शोधला: फोन डांगरीच्या छातीवरच्या खिशात, अंगाच्या उबेला. आज आत डोंगरातल्या तळ्यावर बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसलो होतो. बॅटरी भरलेली. आमिषाचा मासा घ्यायला बादलीवर वाकलो आणि फोन माझ्याआधी बादलीत.

घाबरलो नाही. भिजलेला फोन तांदळात पुरतात, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. घरी येऊन बघतो तर साधा तांदूळ नाही. आमच्या घरात बटाट्याचं राज्य. पण कपाटात मागे जंगली तांदळाची पिशवी सापडली, तो काळा, लांब दाण्याचा, तळ्याच्या पाण्यात उगवणारा, ग्रँड पोर्टेज गावच्या डेलोरेसने मर्नाला दिलेला. फोन आत पुरला. तांदूळ तो तांदूळ. काळा काय आणि पांढरा काय.

१६ फेब्रुवारी
तो तांदूळ बुधवारी चर्चमध्ये होणाऱ्या सूपच्या जेवणासाठी राखून ठेवलेला होता. मला कोणी सांगितलं होतं?

मर्ना ओरडली नाही. ओरडली असती तर परवडलं असतं. एवढंच म्हणाली, “डेलोरेसने होडीत बसून हाताने झोडलाय तो, आर्विड. मग चुलीवर भाजलाय. तुझा मासा वाळवायला नाही.” मी म्हटलं, मासा नाही, फोन आहे. ती म्हणाली, वास घेऊन बघ.

घेतला. पण मी ते मान्य करणार नाही.

१८ फेब्रुवारी
फोन जगला! टोइवोने पैज लावली होती तो मेला म्हणून.

एकच बारीक गोष्ट. ऐकायच्या भोकात तांदळाचा एक दाणा अडकलाय. सगळे गोधडीत तोंड घालून बोलल्यासारखे वाटतात. सुईने काढायला गेलो तर अर्धा दाणा बाहेर आला आणि अर्धा माहेरी गेला. हरकत नाही. बोलणाऱ्याने मोठ्याने बोलावं. लोकांना तसंही पुटपुटायची वाईट खोड असते.

त्या तांदळाचं सूप मर्नाने चर्चला न्यायचं नाकारलं, म्हणून ते आम्ही दोघं रोज संपवतोय. आमिषाची चव लागते. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मुद्दाम.

आज एक बघितलं आणि मन हललं. भिंतीवरच्या बंद फोनच्या रिसीव्हरवर पिठाची पाच बोटं. सवयीने हात जात असेल बिचारीचा.

२१ फेब्रुवारी, बुधवार
चर्चचं सूप सहाला. सहाच्या ठोक्याला दारात हजर. दाराला कुलूप. पार्किंगमध्ये मी आणि भुरभुरणारा बर्फ. तास गेला तेव्हा कुठे पाद्रीणबाई किल्ल्या घेऊन उगवल्या. मी स्पष्ट शब्दांत सांगितलं, ही मंडळी आळशी होत चालली आहे, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत तरी वेळ पाळावी. त्यांनी माझ्या फोनकडे बघितलं आणि फार मायेने म्हणाल्या, “अच्छा, तुम्हीपण ओंटारिओवर का?”

पाद्रीणबाईसुद्धा टोइवोला फितूर.

मर्ना टोइवोच्याच गाडीतून आली, बरोबर लोक जमल्यावर. मी निघालो तेव्हा म्हणाली होती, तू हो पुढे, मला अजून वेळ आहे. तेव्हा तिच्या बोलण्याकडे माझं लक्ष नव्हतं. आताही देणार नाही.

२६ फेब्रुवारी
कंपनीचा मेसेज: आपण दीर्घकाळ परदेशात आहात, कृपया संपर्क साधा. साधला. राशीवरून, कान दाबून धरून. एक बाई अतिशय नम्र.

“सर, आपण देशात परत कधी येणार?”

मी म्हटलं, मी माझ्या घरच्या सरपणावर उभा आहे. ती म्हणाली, आमच्या नोंदीप्रमाणे तुम्ही बरेच दिवस कॅनडात आहात. माझं डोकंच फिरलं. तिला सांगितलं, बाई, माझे आजोबा नॉर्वेहून येऊन या किनाऱ्यावर मासे धरायला लागले. तेव्हापासून स्लेटन जिथे उभा आहे तिथून हललेला नाही. मीही हलणार नाही. ती म्हणाली, म्हणजे परत येण्याचा विचार नाही असं समजू का? मी म्हटलं, मुळीच नाही, खुशाल लिहून घे. तिने लिहून घेतलं. धन्यवाद म्हणाली.

असं बोलावं लागतं या लोकांशी. नमली शेवटी.

विजयाच्या आनंदात घरात आलो तर मर्ना भिंतीशी उभी, पिवळा रिसीव्हर कानाला. मला बघितल्यावर जागेवर ठेवला. म्हणाली, पुसत होते. कानाने? तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि समजावलं, की नवीन गोष्टी अंगवळणी पडायला वेळ लागतो. तिने माझ्याकडे फार विचित्र नजरेने बघितलं. मला वाटतं तिला भरून आलं होतं.

१ मार्च
सिग्नेचा मेसेज. बाळ पायाळू आहे. डोकं खाली करायला तयार नाही. डॉक्टरांनी सात तारखेला दुपारी ऑपरेशन ठरवलंय. सगळं आटपलं की जावई ब्रेंट चारच्या सुमाराला फोन करेल.

जन्माआधीच पाय रोवून उभं. स्लेटनचं रक्त.

मर्नाने लगेच बॅग भरली आणि दाराशी आणून ठेवली. म्हणाली, उद्याच निघू. मी म्हटलं, आठवडाभर तिथे बसून त्यांच्या दोन खोल्यांत अडचण कशाला? सहा तारखेला सकाळी निघू. तो रस्ता मला तळहातासारखा ठाऊक आहे. आणि समजा नाहीच जमलं, तर फोन आहेच की खिशात. मर्ना म्हणाली, “मला फोनवर नाही, तिच्या उशाशी असायचंय.” मी म्हटलं, सहा तारखेला अस.

६ मार्च
वादळ.

पहाटेपासून समोरची पडवी दिसत नाही. हायवे बंद. तरी गाडी काढली. अडसरापर्यंत पोचलो. तिथे केनी उभा होता, माझ्या हाताखाली शिकलेला, माझीच गाडी आता तो चालवतो. म्हटलं, केनी, मला जाऊ दे, मी मागे मागे येतो तुझ्या. त्याने काचेशी वाकून सांगितलं, “आर्विड, तूच शिकवलंस ना. बंद म्हणजे बंद.”

परत आलो. मर्नाने बॅगेतून रात्रीचा गाउन काढला, परत घडी केली, परत बॅगेत ठेवला. काहीतरी बोलायला हवं होतं तिने. माझ्याकडे उत्तर तयार होतं.

ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. मला भीती वाटतेय. सिग्ने लहान असताना असं वादळ आलं की माझ्या गाडीचे दिवे दिसेपर्यंत खिडकीत बसून राहायची, जेवायलाही उठायची नाही. उद्या तिच्या पोटावर सुरी चालणार आणि मी कुठल्या खिडकीत बसू?

७ मार्च, दुपारी ३ (फोनप्रमाणे)
तयारी पक्की. फोन शंभर टक्के भरलेला. लोकरीच्या मोज्यात उकडलेला गरम बटाटा घातला आणि त्याला लागून फोन. बॅटरी गार पडायचं नाव नको. राशीवरचा बर्फ उपसला.

दुपारी ४
राशीवर उभा. फोन नाही.

४ वाजून १० मिनिटं
वाजला! कंपनीचा मेसेज: आपण परतणार नसल्याचं कळवल्यानुसार आपली सेवा आजपासून बंद करण्यात आली आहे. नव्या देशातील वास्तव्यासाठी शुभेच्छा.

धमकी आहे. करार दोन वर्षांचा आहे, असं कोणी बंद करत नाही.

साडेचार
एकही दांडी नाही. ढग दाट आहेत, त्याचा परिणाम. फोन डोक्याच्या वर धरून उभा आहे. मर्ना खिडकीतून आत ये म्हणून खुणावतेय. मी हात केला, थांब. उतरणार नाही. शब्द दिलाय तिला.

पावणेपाच
बटाटा गार झाला. टोइवोच्या खिडकीत दिवा आहे. त्याच्या कंपनीची रेंज त्याच्या पलंगाखालीसुद्धा येते म्हणे.

नाही.

पाचला पाच कमी
जातो टोइवोकडे. हसू दे लेकाला. लेकीपुढे नाकाला काय किंमत आहे.

७ मार्च, संध्याकाळ (मर्नाच्या मनगटाप्रमाणे)
राशीवरून एक पाय खाली टाकला तोच स्वयंपाकघराचं दार उघडलं. उंबऱ्यावर मर्ना. हातात पिवळा रिसीव्हर. त्याची गुंडाळलेली तार भिंतीपासून दारापर्यंत ओढली जाऊन पार सरळ झालेली.

“आर्विड, पळत ये. तार इथपर्यंतच पुरते.”

पळालो. उंबऱ्याशी गुडघ्यांवर टेकलो, कारण उभं राहिलो तर तार कानापर्यंत येईना. ब्रेंट होता. सिग्ने बरी आहे, शुद्धीवर आहे, बाबांना सांगा म्हणाली. मुलगी झाली. पायाळूच, आधी पाय बाहेर. मग त्याने फोन बाळाजवळ धरला आणि ती रडली. खरखरत होतं, मागे भजी तळत होती, आणि त्या सगळ्यावरून ती रडत होती. मी पण रडलो. बर्फात, उघड्या दारात, मोठ्याने. घर गार पडलं तरी मर्नाने दार लावलं नाही. तिनेही माझ्या डोक्याला डोकं लावून ऐकलं.

स्वयंपाकघरातल्या घड्याळात पाच वाजले होते. तिच्या मनगटावर चार. ब्रेंटने अगदी वेळेवर फोन केला होता.

नंतर कॉफी पिताना विचारलं, ही लाइन तर मी कापली होती. मर्ना म्हणाली, “तू कापायला सांगितलीस. मग तिने थांबा म्हटलं आणि तू फोन आपटलास. कापून घ्यायला पण थांबावं लागतं, आर्विड.” घंटा तिनेच बारीक करून ठेवली होती. सिग्नेशी रोज बोलत होती, मी राशीवर असताना. कंबर, पाळणा, दांडा, सगळं. मी म्हटलं, मला सांगायचं नाही का? ती म्हणाली, “तू वर इतका खुशीत दिसायचास.”

मग तिने मेसेज वाचला आणि मला कॅनडाबद्दल शुभेच्छा दिल्या. टोइवो केक घेऊन आला, त्याला बातमी आधीच माहीत होती. पाद्रीणबाईंनाही. बर्फाच्या त्या यंत्राचं पातं मात्र टोइवोनेच वाकडं केलं, त्यावर मी ठाम आहे.

घड्याळ मागे केलं. सकाळी हायवे उघडला की निघणार, बॅग दाराशी आहेच.

परत आल्यावर एक काम. लँडलाइनच्या कंपनीला फोन करायचा. तार आखूड आहे, राशीपर्यंत पुरेल अशी लांब हवी, असं ठणकावून सांगणार. होल्डवर ठेवलं तर थांबेन.